दाऊदचाचांची उडी

आमच्यापैकी एकानंही तो खेळ कधी पाहिला नव्हता. किती गडी लागतात, गोल कुठे असतो, कोण जिंकलं ते कसं ठरवतात, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या गुरूंनाही नव्हतं. तरीही कितीतरी वर्षं, दर शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली की कुवेतच्या शुवैख बंदराच्या मागच्या मोकळ्या वाळूत आम्ही दहा-बारा मराठी माणसं रांगेत उभी राहून त्या खेळातला एकच फटका शिकत होतो. डाव्या हातानं चेंडू हवेत सोडायचा आणि तो जमिनीला लागायच्या आत काठीनं टोलवायचा. बस्स, एवढंच. जगात एखाद्या खेळाचा एवढाच तुकडा घेऊन बसलेली दुसरी मंडळी असतील असं मला वाटत नाही.

खेळाचं नाव हर्लिंग. आयर्लंडातला खेळ, आपल्या हॉकीचा दूरचा चुलता म्हणा. आणि गुरूंचं नाव दाऊदचाचा. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला खाडीकाठचं त्यांचं गाव. पिढीजात गलबतं बांधणारे सुतार. कुवेतला आले ते आधी लाकडी गलबतांच्या डागडुजीसाठी, पुढे बंदराचं मोठं बांधकाम निघालं तसे तिथल्या वर्कशॉपमध्ये लागले. अरब त्यांना ‘नज्जार’ म्हणत, साहेबलोक ‘कार्पेंटर’ म्हणत आणि आम्ही सगळे, हिंदू असो की मुसलमान, चाचा म्हणत होतो.

मी सत्तावन्न साली तिथं पोचलो तेव्हा वय तेवीस. कचेरीत टायपिस्ट. पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये बारावा गडी होतो, पण कुवेतमध्ये ते तपासायला कोण येणार होतं? मी सगळ्यांना सलामीचा फलंदाज असल्याचं सांगितलं होतं.

चाचांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका फळकुटाला गाल लावून बसले होते. मला वाटलं माणूस झोपला. तर ते लाकडाचा ओलावा बघत होते. बोटांना कळत नाही, गालाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. कानावर पेन्सिल, कमरेला लुंगी, वर थंडी असो की उन्हाळा तोच खाकी कोट, आणि कोटाच्या खिशात नेहमी काहीतरी चघळायला. माणूस बुटका, छाती मात्र पिंपासारखी. बोलणं कमी. रागावले तरी आवाज चढत नसे. ते नुसते म्हणत, “अरे, लाकडाला विचारलंस काय?” एवढ्यावर समोरचा ओशाळायचा.

हे हर्लिंग त्यांच्या गळ्यात पडलं ते एका मोडक्या काठीपायी. धक्क्याच्या कामावर कॉनर नावाचा एक आयरिश इंजिनियर होता. इतर साहेबांसारखा क्लबात जायचा नाही. संध्याकाळी एकटाच गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. त्याची काठी एक दिवस चिरली. खाली पसरट पातं असलेली ती वाकडी काठी घेऊन तो वर्कशॉपमध्ये आला. चाचांनी तिला पत्र्याची पट्टी मारून दिली. आठवड्यानं ती दुसरीकडे चिरली. तेव्हा चाचांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली, गालाला लावली आणि म्हणाले की हिचा बाक कापून काढलेला नाही, झाडानंच दिलेला आहे. गलबताच्या फासळ्यांनाही असंच निसर्गानं वाकलेलं लाकूड लागतं. त्यांनी फासळ्यांच्या ढिगातनं बाभळीचा एक बाक शोधला आणि चार दिवसांत नवी काठी करून दिली. जराशी जड झाली होती. पण साहेबानं ती फिरवली, एक चेंडू भिंतीवर मारला आणि चाचांचा हात धरून त्यांना सरळ उन्हात घेऊन गेला. तिथून शिकवणी सुरू झाली.

मला यातलं दिसलं ते लांबून. एक सहा फुटी गोरा आणि एक बुटका लुंगीवाला गोदामामागे समोरासमोर उभे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही. साहेब करून दाखवायचा, चाचा बघायचे आणि करायचे. दीड वर्ष हे चाललं होतं. चाचांनी त्या माणसाच्या अंगाचा प्रत्येक हिसका जसाच्या तसा उचलला. सुतार माप घेतो तसं त्यांनी साहेबाचं माप घेतलं होतं.

काम संपलं, साहेबाला परत बोलावलं. जाताना त्यानं आपली जुनी, पत्र्याची पट्टी मारलेली काठी आणि कातडी चेंडू चाचांना दिला. निरोप देताना दुभाषा म्हणून मी होतो. साहेब म्हणाला, “त्याला सांग, फटका असाच ठेव. मी परत येईन तेव्हा बघेन.” मी सांगितलं. चाचांनी काठी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, “अमानत हाय.”

साहेब जाता जाता जे बोलतात ते साहेब स्वतः विसरतात, हे मला ठाऊक होतं. चाचांना ठाऊक नव्हतं, किंवा ते मान्य नव्हतं. त्यांनी हिशेब मांडला. एकट्याच्या अंगात फटका राहिला तर माणूस आजारी पडेल, मरेल, फटका जाईल. दहाजणांच्या अंगात असला तर राहील. साहेब येईल तेव्हा दहाजणांतल्या एकाचाही हात चुकलेला दिसता कामा नये. म्हणून त्यांनी बाभळीच्या दहा काठ्या केल्या, साहेबाच्या चेंडूसारखे चेंडू शिवले आणि आम्हाला गोळा केलं. त्या काठीला आमच्या कोकणी मित्रांनी पहिल्याच दिवशी ‘कालथा’ नाव ठेवलं, आणि खरंच ती मोठ्या पंगतीत भात परतायच्या कालथ्यासारखीच दिसायची.

शिकवणी कडक होती. पहिला महिना काठीला हात नाही. फक्त चेंडू हवेत सोडायचा. “फेकायचा नाय. ठेवायचा. ताटात भाकरी ठेवतात तसा हवेत ठेवायचा,” असं ते म्हणायचे. चेंडू छातीच्या वर गेला की शून्य. पुढे गेला की शून्य. महिनाभर आम्ही वाळूत उभे राहून हवेत चेंडू ठेवत होतो आणि जाणारे-येणारे हमाल आमच्याकडे दयेनं बघत होते. एकदा कस्टमच्या एका कुवेती पहारेकऱ्यानं मला विचारलं, हा खेळ कसला? मी म्हटलं, आयर्लंडचा. किती माणसं खेळतात? ठाऊक नाही. जिंकतो कोण? ठाऊक नाही. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “आणि तुम्हाला आठवड्यातून एकच सुट्टी?”

मग काठी आली आणि माझी लाज गेली. हर्लिंगमध्ये उजव्या माणसानं उजवा हात वरच्या टोकाला धरायचा, डावा खाली येऊन मिळतो. क्रिकेटची बॅट धरणाऱ्याचं नेमकं उलटं, डावा वर, उजवा खाली. माझा हात सवयीनं बॅटीसारखाच पडायचा. चाचा मागे येऊन काही न बोलता माझे हात काढायचे, अदलाबदल करून परत ठेवायचे. “वरचा मालक, खालचा नोकर. तुझा नोकर मालक झालाय रे, सुर्व्या.” सहा शुक्रवार हे चाललं होतं. सातव्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, “तू खराच पैला खेळायचास, की बाकड्यावर बसायचास?” मी बाकड्यावर बसायचो हे कुवेतमध्ये ज्यानं ओळखलं तो हा एकटा माणूस. आणि त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

चेंडू गुडघ्याच्या खाली आला की मारायचा, आधी नाही. मारल्यावरही नजर चेंडू होता त्या जागी ठेवायची, कुठं गेला ते नंतर बघायचं. आणि या सगळ्याच्या मध्ये, चेंडू सोडल्यावर आणि काठी खाली यायच्या आधी, एक उडी. उजवा पाय किंचित उचलून, डाव्यावर एक छोटीशी लंगडी घ्यायची आणि मगच फटका. ही उडी साधायला सगळ्यात कठीण. ताल चुकला की चेंडू एकीकडे, माणूस दुसरीकडे. गनी नावाचा आमचा एक गडी, खेडचा, कचेरीतला शिपाई, सुरुवातीला दर खेपेला वाळूत बसायचा. चाचांना या उडीचा फार अभिमान. ते म्हणायचे, “बाकीचा कुणी बी शिकंल. ही उडी फकत कॉनर साहेबाची.” घाव घालायच्या आधी अंग हलकं करायचं, पटाशी मारायच्या आधी श्वास सोडतो तसं, असं त्यांनी त्याचं शास्त्रही बसवलं होतं. आम्हाला पटलं होतं. न पटून सांगता कुणाला? शेवटी रांगेनं दहाजण एका तालात टुणकन उडी मारून फटके मारू लागले तेव्हा तो देखावा खरोखर बघण्यासारखा असायचा. दक्षिणेला मीना अब्दुल्ला गावी रिफायनरीवर गेलेले दोघं मिळेल त्या ट्रकनं शुक्रवारी परत यायचे ते त्यासाठीच.

दर ईदला चाचा माझ्याकडून साहेबाला पत्र लिहून घेत. मजकूर ठरलेला. सगळे खुशाल आहेत. दहाजणांचे हात बरोबर आहेत. तुम्ही कधी येता? पहिल्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं, हिरव्या डोंगराचं चित्र असलेलं. चाचांनी ते आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. पुढच्या पत्रांना उत्तर आलं नाही. मी एकदा म्हटलं, “चाचा, साहेब विसरला असेल.” ते काठीच्या पात्याला तेल चोळत होते. म्हणाले, “विसरू दे. पण आला आणि आपला हात चुकला, तर तो काय म्हणंल?”

साहेब गेल्यावर चार वर्षांनी एक गोरा माणूस वर्कशॉप विचारत आला. बंदराला लागलेल्या एका मालवाहू जहाजाचा इंजिनियर. कॉनर साहेबाचाच धाकटा भाऊ. मला कचेरीतून बोलावून नेलं. त्याच्या हातात एक पाकीट होतं आणि त्या पाकिटात माझ्याच अक्षरातली, माझ्याच चुकांची इंग्रजी पत्रं. कॉनर साहेब घरी गेल्यावर वर्षाच्या आत छातीच्या दुखण्यानं वारला होता. पत्रं आईकडे जात होती. तिला डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा घरातलं कुणीतरी वाचून दाखवतं आणि ती पत्रं उशाशी ठेवते, असं तो म्हणाला. उत्तर काय लिहावं ते कुणाला सुचलं नाही.

मी चाचांना सांगितलं. ते पाटावर बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि उठले. “तेला म्हण, थांब. दाखवतो.”

शुक्रवार नव्हता. तरी गनी धावला, जे सापडले ते सातजण आले, कुणी कामाच्या कपड्यांत, कुणी हातातलं काम टाकून. वाळूत रांग लागली. चाचा एका टोकाला, साहेबाची जुनी काठी घेऊन. मी दुभाषा म्हणून पाहुण्याजवळ उभा राहिलो. परीक्षा घेणारा मेला होता, पण परीक्षा आज होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. चाचांनी मान हलवली. आठ चेंडू हवेत ठेवले गेले. आठजणांनी टुणकन उडी मारली. आठ फटक्यांचा एकच आवाज झाला.

धाकट्या कॉनरनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हसतोय, आणि तो हसतच होता, पण मग तो तिथल्या एका खोक्यावर बसला. आपल्या उजव्या गुडघ्यावर त्यानं दोनदा थापट मारली आणि माझ्याकडे बघून बोलू लागला.

तो जे बोलला ते असं. ही उडी खेळात नाही. कुणीही अशी उडी मारत नाही. लहानपणी दोघं भाऊ गोठ्याच्या छपरावर भांडत होते, आणि या धाकट्यानं मोठ्याला ढकललं. त्याचा उजवा गुडघा मोडला. चालताना पुढे काही कळत नसे, पण फटका मारताना त्या पायावर पीळ सोसवत नसे, म्हणून तो लंगडी घ्यायचा. गावातली सगळी माणसं लांबून, तोंड न बघता, त्या उडीवरून त्याला ओळखत. “मी त्याला तिथं पुरून आलो,” तो म्हणाला, “आणि इथं तो आठ वेळा उभा आहे.”

चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी इंग्रजीचा मोठा शहाणा, आणि त्या क्षणी मला मराठी येईना. मी एवढंच म्हणालो, “ते म्हणतात, अगदी कॉनर साहेबासारखं. तसूभर फरक नाही.”

धाकट्या कॉनरनं जाताना चाचांना मिठी मारली. जहाज दुसऱ्या दिवशी गेलं. संध्याकाळी चाचा माझ्या खोलीवर आले. आम्हा चौघांची खोली, बसायला जागा नाही, तेव्हा ते दारातच उभे राहिले.

“सुर्व्या, तेनं गुडघ्यावर दोनदा हात मारलान. ते तू मला सांगितलंस नाय.”

मग मला सांगावं लागलं. सगळं. छपरावरनं ढकलल्याचंही. मी घाईघाईनं म्हणालो की फटका बाकी सगळा बरोबर आहे, हात बरोबर आहे, नजर बरोबर आहे.

“म्हंजे इतकी वर्षं मी तुम्हाला लंगडा करत होतो,” ते म्हणाले, आणि गेले.

त्या शुक्रवारी चाचा आले नाहीत. आम्ही नऊजण काठ्या घेऊन उभे राहिलो आणि कुणालाच काही करावंसं वाटेना. मी वर्कशॉपमध्ये डोकावलो. ते रंधा मारत होते. लाकूड केव्हाच गुळगुळीत झालं होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. दुभाष्यानं एक तर सगळं सांगावं नाहीतर काही सांगू नये. मी आधी अर्ध्यावर थांबलो होतो, आणि मग थांबायला हवं तिथं थांबलो नव्हतो. आमचा तो वर्ग मोडला तर तो माझ्यामुळे, असं मला वाटत होतं, आणि तो मोडला तर या वाळूच्या देशात शुक्रवार कसा काढायचा ते मला कळत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ते आले. आमच्या आधी आले होते. रांगेसमोर उभे राहून म्हणाले, “ज्याचे गुडघे धड हायत तेनं उडी मारायची नाय. आजपासून सरळ.”

सरळ मारणं आम्हाला येईना! गनी पुन्हा वाळूत बसला. अंगाला ताल लागलेला, पाय आपोआप उचलायचा. चाचा मागे येऊन खांदा दाबून धरायचे. दोन महिने गेले तेव्हा कुठे पाय जमिनीवर राहिला, आणि मग चेंडू केवढा लांब जाऊ लागला! चाचांनी पावलं टाकून मोजलं. पूर्वीपेक्षा वीस पावलं जास्त. त्यांनी वाळूत जिथं चेंडू पडला तिथं टाचेनं खूण केली आणि खुशीत मान डोलावली.

स्वतः मात्र ते उडी मारूनच फटका मारत. त्यांचे गुडघे बैलासारखे मजबूत होते. एकदा सगळे पांगल्यावर मी म्हटलंच, “चाचा, नियम आम्हालाच काय?”

ते काठीवरची वाळू कोटाच्या बाहीनं पुसत होते. म्हणाले, “तेच्या आयशीनं पत्रं ठेवलीनीत ना उशाशी? मी ही उडी ठेवतो.”

सहासष्ट साली मी नोकरी सोडून परत निघालो. घरून लग्नाची घाई होती. बोट शुवैखच्या धक्क्यालाच लागली होती. सगळी मंडळी पोचवायला आली, गनी रडला. चाचा मागे उभे होते, खाकी कोट, लुंगी, आणि हातात साहेबाची काठी. काठी कशाला आणली ते मी विचारलं नाही. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उजवा वर ठेवला, डावा खाली. “विसरशील बाबा. तू क्रिकेटवाला,” म्हणाले.

बोट सुटली. धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाण्याची पट्टी रुंद होत गेली. मी कठड्याला टेकून उभा होतो. चाचा धक्क्याच्या कडेला आले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून चेंडू काढून मला दाखवला. नवा, पांढरा, त्यांनीच शिवलेला. मला कळलं. मी दोन्ही हात पुढे केले.

अंतर फार नव्हतं. सरळ मारला असता तर सहज पोचला असता, हे मला कळत होतं, आणि ते तर वर्षानुवर्षं पावलं मोजत आले होते. त्यांनी चेंडू हवेत ठेवला. ताटात भाकरी ठेवावी तसा. आणि उजवा पाय उचलून टुणकन उडी मारली.

चेंडू माझ्या हातांपासून दोन हात अलीकडे, खाली पाण्यात पडला. मी ओरडलो, “चाचा, उडी!” त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण ते हसत होते. काठी खांद्यावर टाकून, चेंडू कुठं गेला ते बघत उभे होते. त्यांच्या चेंडूंच्या पोटात मासेमारीच्या जाळ्याचं बूच असायचं. तो बुडाला नाही. बोटीच्या लाटांवर पांढरा ठिपका वरखाली होत राहिला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे, मग चाचांकडे बघत राहिलो.